पॉप गीतांवरील चित्रभाष्य : टीका आणि टवाळी

'टीका' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत आणि ते दोन्ही आजही प्रचारात आहेत. जुन्या अर्थाने टीका म्हणजे मूळ ग्रंथाचे विवरण. या अर्थाने ज्ञानेश्वरांची 'भावार्थदीपिका' ही गीतेवरील टीका होय. नव्या अर्थाने टीका म्हणजे दोषदर्शन, आणि बोलभाषेत तर नुसते नावे ठेवणे. पहिल्या अर्थाचा टीकाकार मूळ कृतीच्या शेजारी बसून ती उलगडून दाखवितो. दुसऱ्या अर्थाचा टीकाकार तिच्यासमोर उभा राहून तिला जाब विचारतो. दोन्ही कामे साहित्यव्यवहाराला आवश्यक आहेत. परंतु या दोहोंच्या आडोशाने एक तिसरेच काम पुष्कळदा चालते, आणि त्याला आपल्या भाषेत 'टवाळी' असा स्वच्छ शब्द आहे. टवाळीचा विषय कृती नसून कर्ता असतो; तिला कृती समजावून द्यावयाची नसते आणि सुधारावयाचीही नसते.

गेल्या वीस वर्षांत इंटरनेटवर टीकेचा एक नवा प्रकार रूढ झाला आहे. भाष्यकार कॅमेऱ्यासमोर बसतो, एखादे लोकप्रिय पॉप गीत घेतो, त्याचे तुकडे दाखवीत त्याचे शब्द, चाल, चित्रीकरण, गायकाचे रूप आणि चाहत्यांचा उत्साह यांविषयी बोलतो, आणि ही चित्रफीत यूट्यूबसारख्या ठिकाणी सर्वांस खुली करतो. यास 'रिव्ह्यू', 'रिअॅक्शन', 'व्हिडिओ एसे' अशी निरनिराळी नावे आहेत. आम्ही येथे सर्वांसाठी 'चित्रभाष्य' हा एकच शब्द योजतो. आमच्या वाचकांपैकी बहुतेक जण अध्यापक आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांना समीक्षा म्हणजे काय याचा पहिला परिचय हल्ली पाठ्यपुस्तकातून नव्हे, तर या चित्रभाष्यांतून होतो. आणि मुलीने कसे असावे, मुलाने कसे असू नये, याचे धडेही त्यांना तेथेच मिळतात. म्हणून या प्रकाराचा इतिहास पाहणे अस्थानी होणार नाही.

आमचे प्रतिपाद्य थोडक्यात असे आहे. चित्रभाष्याच्या पहिल्या काळात निवाडा गीताचा होत असे, पण शिक्षा गाणाऱ्या मुलीस किंवा तिची कड घेणाऱ्यास भोगावी लागे. पुढे त्याच माध्यमातून त्या निवाड्यांची फेरतपासणी झाली. ती होऊ शकली याचे एक कारण असे, की हसणाऱ्यांचे हसूही त्याच जागी साठवलेले होते. हा प्रकार प्रामुख्याने अमेरिकेत आकारास आला, म्हणून विवेचनही प्रामुख्याने तेथलेच आहे. आपल्याकडील दोन-तीन गोष्टींचा उल्लेख शेवटी येईल.

पूर्वपीठिका

लोकप्रिय गीतांविषयीची तुच्छता गीतापेक्षा त्याच्या श्रोत्यांवर, आणि त्यातही तरुण मुलींवर, रोखलेली असते, ही गोष्ट इंटरनेटच्या पुष्कळ आधीपासून दिसून येते. २८ फेब्रुवारी १९६४ रोजी 'न्यू स्टेट्समन' या ब्रिटिश साप्ताहिकात पॉल जॉन्सन यांचा 'द मेनेस ऑफ बीटलिझम' हा लेख आला. बीटल्स यांच्या संगीताचा विचार त्यात थोडा आणि दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या तरुण श्रोत्यांच्या चेहऱ्यांचे, पोशाखांचे व किंकाळ्यांचे वर्णनच अधिक होते. ज्या चौघांच्या संगीताचा पुढे विद्यापीठांतून अभ्यास झाला, त्यांची पारख त्या किंचाळणाऱ्या मुलींनी लेखकाच्या आधी केली होती, हे कालांतराने स्पष्ट झाले.

१९६८ मध्ये 'द न्यू यॉर्कर' या नियतकालिकाने पॉप संगीतासाठी पहिल्यांदा स्वतंत्र समीक्षक नेमला, आणि ती एक स्त्री होती. एलेन विलिस यांनी तेथे १९७५ पर्यंत लेखन केले. गीतातील पुरुषी पक्षपात ओळखण्याची त्यांनी सुचविलेली कसोटी साधी आहे : पुरुषाने स्त्रीविषयी लिहिलेले गीत घ्यावे आणि त्यातील स्त्री-पुरुषांची अदलाबदल करून पाहावी. या कसोटीने त्यांना असे आढळले, की रोलिंग स्टोन्स यांचे उघड उद्धट गीत उलटे करूनही टिकते, कारण तसा उद्दामपणा स्त्रीच्या तोंडीही शोभू शकतो. उलट कॅट स्टीव्हन्स यांचे हळुवार, काळजीचे वाटणारे गीत मात्र उलटे होताच कोसळते, कारण त्यातील काळजीच्या मुळाशी स्त्रीला अजाण मानणारी वडीलकी आहे. गीताचा सूर गोड की कडू, यावरून त्यातील आदर्शांचा निर्णय लागत नाही, हा विचार येथून रूढ झाला. १९७८ मध्ये सायमन फ्रिथ आणि अँजेला मॅक्रॉबी यांनी रॉक संगीत व लैंगिकता यांवर लिहिलेल्या निबंधाने तो विद्यापीठीय अभ्यासात आणला.

परंतु १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एम.टी.व्ही. ही वाहिनी सुरू झाली आणि लेखी टीकेची एक अडचण उघडी पडली. गीत आता ऐकण्याइतकेच पाहण्याचेही झाले. कॅमेरा स्त्रीच्या चेहऱ्यावर किती वेळ थांबतो आणि शरीराच्या तुकड्यांवर किती वेळ, हे शब्दांत सांगता येते, पण पटविता येत नाही. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मध्येच चित्रपटाच्या संदर्भात, कॅमेऱ्याची नजर ही बहुधा पुरुषाची नजर असते, असे मांडले होते. ते दाखवून देण्यास मात्र चित्रच हवे होते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील प्राध्यापक सट झाली यांनी १९९०-९१ च्या सुमारास हे केले. पुष्कळ रॉक चित्रफितींमधील दृश्ये एकत्र करून, मूळ संगीत बाजूला काढून, त्यांवर त्यांनी आपले निवेदन चढविले आणि वर्गात दाखविण्यासाठी 'ड्रीमवर्ल्ड्स' ही चित्रफीत तयार केली. संगीत काढून घेताच त्या दृश्यांतील एकसुरीपणा उघडा पडला. एम.टी.व्ही.ने कायदेशीर कारवाईची धमकी दिली. झाली यांनी माघार घेतली नाही, आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले नाही. आज लाखो लोक करीत असलेल्या चित्रभाष्याची रीत येथे पूर्णपणे सिद्ध झालेली दिसते. उणीव होती ती सार्वजनिक व्यासपीठाची.

यूट्यूबचा आरंभ

ते व्यासपीठ निर्माण होण्याच्या मुळाशीच स्त्री-पुरुषांच्या असमान न्यायाचा एक प्रसंग आहे. १ फेब्रुवारी २००४ रोजी ह्यूस्टन येथे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात जॅनेट जॅक्सन आणि जस्टिन टिंबरलेक यांचा गायन-नृत्याचा कार्यक्रम झाला. त्याच्या शेवटी टिंबरलेकने जॅक्सनच्या पोशाखाचा भाग ओढला आणि क्षणार्धापुरते तिचे वक्ष उघडे पडले. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने सी.बी.एस. या दूरचित्रवाणी संस्थेस ५,५०,००० डॉलर दंड केला, जो पुढे न्यायालयांनी रद्द ठरविला. परंतु दोघा कलावंतांची वाट तेथून वेगळी झाली. त्याच महिन्यातील ग्रॅमी पारितोषिकांच्या समारंभात टिंबरलेक उपस्थित होता, जॅक्सन नव्हती. ज्याने ओढले त्याची कीर्ती चढत गेली आणि जिचे वस्त्र ओढले गेले तिच्या कारकीर्दीला उतरती कळा लागली.

हा प्रसंग पुन्हा पाहावयाचा तर तो इंटरनेटवर सहज सापडत नाही, ही अडचण यूट्यूबच्या संस्थापकांपैकी एक, जावेद करीम यांनी ती सेवा सुचण्याच्या कारणांत सांगितली आहे. दुसरे कारण त्याच वर्षाच्या डिसेंबरातील त्सुनामीची दृश्ये न सापडणे हे होते. चॅड हर्ली, स्टीव्ह चेन आणि करीम यांनी फेब्रुवारी २००५ मध्ये यूट्यूबची स्थापना केली. २३ एप्रिल २००५ रोजी तिच्यावर पहिली, १९ सेकंदांची चित्रफीत चढली. ऑक्टोबर २००६ मध्ये गूगलने १६५ कोटी डॉलरच्या समभागांच्या मोबदल्यात ती विकत घेण्याचे ठरविले.

चित्रभाष्याचा घाट घडविण्यात दोन गोष्टींचा वाटा मोठा आहे. पहिली लांबीची. मार्च २००६ पासून साधारण सभासदास दहा मिनिटांहून मोठी चित्रफीत चढविता येत नसे. २०१० मध्ये ही मर्यादा आधी पंधरा मिनिटांवर गेली आणि मग हळूहळू उठली. दहा मिनिटांत विवरणापेक्षा शेरा अधिक साधतो. दुसरी गोष्ट स्वामित्वहक्काची. २००७ पासून यूट्यूबने गीतांची आपोआप ओळख पटविणारी यंत्रणा आणली, आणि भाष्यात वापरलेला तुकडासुद्धा ओळखला जाऊन भाष्यकाराचे उत्पन्न गीताच्या मालकाकडे वळू लागले. अमेरिकन कायद्यात 'रास्त वापर' हे तत्त्व आहे. विडंबन धंद्यासाठी केले तरी ते रास्त वापर ठरू शकते, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये एका रॅप गटाच्या प्रकरणात सांगितले होते. पुढे २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका संघीय न्यायालयाने एका चित्रभाष्याचा वापर रास्त ठरविताना एक उपयुक्त भेद केला : काही चित्रफितींत मूळ दृश्ये आणि त्यांवरची टीका एकमेकांत गुंफलेली असते, तर काही म्हणजे नुसती मंडळी जमवून केलेली पाहणी असते. पहिलीस जे संरक्षण मिळेल ते दुसरीस मिळेलच असे नाही. आपल्याकडे १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या ५२ व्या कलमातही टीका व समीक्षण यांसाठी अशी मोकळीक आहे. म्हणजे टीका कशास म्हणावे, हा प्रश्न केवळ आम्हा साहित्यिकांचा राहिलेला नाही; न्यायालयांनाही तो सोडवावा लागतो.

हसण्याचा काळ

चित्रभाष्याच्या इतिहासातील पहिला संस्मरणीय प्रसंग सप्टेंबर २००७ मधील आहे. ब्रिटनी स्पिअर्स ही गायिका १९९८ साली सोळा-सतरा वर्षांची असताना प्रसिद्धीस आली होती. शाळकरी निरागसता आणि उत्तान आकर्षण ही दोन्ही एकाच मुलीने एकाच वेळी धारण करावीत, हा तिच्याकडून अपेक्षित असलेला आदर्श होता. त्यातील विरोध तिने निर्माण केलेला नव्हता. २००७ पर्यंत तिचा घटस्फोट, तिची मुले, तिचे मुंडण हे सर्व छायाचित्रकारांच्या आणि विनोदकारांच्या उदरनिर्वाहाचे साधन झाले होते. ९ सप्टेंबरला एम.टी.व्ही.च्या समारंभातील तिचे नृत्य फसले आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या शरीराची जाहीर चिकित्सा सुरू झाली.

त्या वेळी टेनेसी राज्यातील, ख्रिस क्रॉकर या नावाने प्रसिद्ध असलेल्या आणि आज कारा कनिंगहॅम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरुण व्यक्तीने दोनेक मिनिटांची एक चित्रफीत यूट्यूबवर ठेवली. डोळ्यांतील काजळ ओघळत असताना, रडत आणि ओरडत, तिने एवढीच मागणी केली की ब्रिटनीला आता सोडा. ती माणूस आहे, तिला मुले आहेत, तिने पुष्कळ सोसले आहे. ही चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली आणि तिची असंख्य विडंबने निघाली. विडंबने कशाची होती? युक्तिवादाची नव्हती, कारण युक्तिवादाला उत्तर देणे अवघड होते. ती होती रडण्याची, काजळाची, बायकी वाटणाऱ्या आवाजाची. पुरुषाने रडू नये आणि रडलाच तर गायिकेसाठी रडू नये, हा आदर्श मोडल्याबद्दलची ती शिक्षा होती. फेब्रुवारी २००८ मध्ये एका न्यायालयाने स्पिअर्स हिच्या व्यक्तिगत व आर्थिक व्यवहारांचा ताबा तिच्या वडिलांकडे सोपविला. सज्ञान, कमावत्या स्त्रीवर बसविलेली ही न्यायालयीन पालकत्वाची व्यवस्था पुढे तेरा वर्षांहून अधिक काळ चालली.

२००८-०९ पासून अमेरिकेत नियमित चित्रभाष्यकारांची पिढी तयार झाली. पॉप गीतांच्या क्षेत्रात टॉड नेथनसन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. २००९ पासून 'टॉड इन द शॅडोज' या नावाने ते त्या त्या काळातील यशस्वी गीतांची चिकित्सा करीत आले आहेत. त्यांचे संगीताचे ज्ञान चांगले, विनोद तीक्ष्ण आणि मांडणी एक विशिष्ट : ते पियानोजवळ बसतात, आणि त्यांचा चेहरा नेहमी अंधारात असतो. ही त्यांची व्यक्तिगत लकब आहे, आणि पुढे अपयशी गायकांविषयी त्यांनी सहानुभूतीने केलेली चित्रभाष्ये आम्हास मोलाची वाटतात. तरीही त्या काळाचे चित्र म्हणून ही बैठक लक्षात ठेवण्यासारखी आहे. पाहणारा अंधारात आणि जिच्याकडे पाहावयाचे ती प्रकाशात, ही रचना बहुतेक चित्रभाष्यांत अप्रत्यक्षपणे होतीच.

तिचे परिणाम कोठवर जाऊ शकतात हे २०११ मध्ये दिसले. कॅलिफोर्नियातील रेबेका ब्लॅक या तेरा वर्षांच्या मुलीच्या आईने काही हजार डॉलर देऊन एका लहान निर्मितिसंस्थेकडून तिचे 'फ्रायडे' हे गीत चित्रित करून घेतले. १० फेब्रुवारीला ते यूट्यूबवर आले. मार्चमध्ये विनोदी लेखकांच्या नजरेस पडले आणि पाहता पाहता जगातील सर्वांत वाईट गीत म्हणून गाजले. गीत सामान्य होते याविषयी दुमत नाही. आठवड्याच्या वारांची त्यातील जंत्री बाळबोध आहे आणि आवाजावर यांत्रिक संस्कार फार आहेत. परंतु शब्द आणि चाल पॅट्रिस विल्सन आणि क्लॅरेन्स जे या दोन प्रौढ व्यावसायिकांची होती. या हशाच्या लाटेत त्यांची नावे कितीकांना ठाऊक झाली? हशा सर्व त्या मुलीच्या वाट्यास आला. त्यात तिच्या रूपाविषयी अभद्र शेरे होते आणि जिवे मारण्याच्या धमक्याही होत्या. पोलिसांना चौकशी करावी लागली. टीका कृतीवर होती असे म्हणावे, तर ती कृतीच्या कर्त्यांपर्यंत पोहोचावयास हवी होती. ती पोहोचली नाही, हाच ती टीका नसल्याचा पुरावा होय.

याच सुमारास यूट्यूबवरील नापसंतीचे बटण हे सामुदायिक निवाड्याचे साधन झाले होते. जस्टिन बीबर या कॅनडातील किशोरवयीन गायकाचे २०१० मधील 'बेबी' हे गीत एकाच वेळी सर्वाधिक पाहिले गेलेल्या आणि सर्वाधिक नापसंती मिळालेल्या चित्रफितींत होते. त्याच्यावरील विनोदांचा गाभा, हा मुलगा मुलीसारखा दिसतो आणि मुलींना आवडतो, एवढाच होता. पॉल जॉन्सन यांच्या लेखाला तेव्हा सत्तेचाळीस वर्षे होत होती. नापसंतीचा आकडा जाहीर दाखविणे यूट्यूबने नोव्हेंबर २०२१ मध्ये बंद केले. लोक संघटितपणे तो फुगवितात, हे कारण देण्यात आले.

फेरतपासणी

२०१२ मध्ये यूट्यूबने शिफारशीचे गणित बदलले. चित्रफीत किती वेळा उघडली यापेक्षा ती किती वेळ पाहिली, याला महत्त्व आले. हा निर्णय धंद्याचा होता, तरी त्याचा एक परिणाम असा झाला की लांब, सविस्तर भाष्याला जागा मिळाली. अर्ध्या-एक तासाचा चित्रनिबंध हा प्रकार येथून वाढला, आणि नुसत्या शेरेबाजीवर एक तास काढणे अवघड असल्यामुळे विवरणाचे प्रमाणही वाढले.

या वाटेने प्रथम जाणाऱ्यांना त्याची किंमत द्यावी लागली. अनिता सार्कीझियन यांनी २००९ पासून स्त्रीवादी दृष्टीने लोकप्रिय संस्कृतीवर चित्रभाष्ये केली. २०१२ मध्ये संगणकीय खेळांतील स्त्रीचित्रणावरील मालिकेसाठी त्यांनी ६,००० डॉलर वर्गणी मागितली आणि १,५८,००० डॉलरहून अधिक जमली. पण त्याचबरोबर त्यांचा संघटित छळही सुरू झाला. ऑक्टोबर २०१४ मध्ये गोळीबाराच्या धमकीमुळे त्यांना युटा राज्यातील विद्यापीठात योजलेले व्याख्यान रद्द करावे लागले. खेळ हा आमचा विषय नव्हे. पण स्त्रीने भाष्यकाराच्या आसनावर बसण्याचा मोबदला काय होता, हे त्यावरून कळते.

गीतांच्या क्षेत्रात २०१३ चे 'ब्लर्ड लाइन्स' प्रकरण उद्बोधक आहे. रॉबिन थिक, फॅरेल विल्यम्स आणि टी.आय. यांच्या या गीताच्या एका चित्रफितीत पूर्ण कपड्यांतील पुरुषांभोवती जवळजवळ विवस्त्र स्त्रिया वावरत होत्या, आणि शब्दांत स्त्रीच्या संमतीविषयी लाडिक संदिग्धता होती. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाच्या कायद्याच्या विद्यार्थिनींनी सप्टेंबर २०१३ मध्ये त्याचे विडंबन केले : पोशाखात स्त्रिया आणि त्यांच्याभोवती अंतर्वस्त्रांतील पुरुष. एलेन विलिस यांची अदलाबदलीची कसोटी येथे अक्षरशः दृश्य झाली. निकालही बोलका लागला. ते विडंबन अनुचित म्हणून यूट्यूबवरून काढण्यात आले आणि ओरड झाल्यावर परत ठेवण्यात आले. २०१९ मध्ये फॅरेल विल्यम्स यांनी एका मुलाखतीत कबूल केले, की स्त्रीचा गैरफायदा घेणारे पुरुष हीच भाषा वापरतात हे आपल्या उशिरा ध्यानात आले आणि आता त्या गीताचा संकोच वाटतो. टीकेने कर्त्याच्या विचारात पालट व्हावा, ही टीकेच्या जुन्या ध्येयाला साजेशी गोष्ट आहे. यास सहा वर्षे लागली एवढेच.

२०१८ मध्ये लिंडसे एलिस या ज्येष्ठ चित्रभाष्यकर्तीने 'ट्वायलाइट' कादंबऱ्यांच्या लेखिकेस उद्देशून एक चित्रनिबंध केला. त्या पुस्तकांचे दोष न लपविता तिने विचारले, की अशाच दर्जाच्या, पण मुलांना आवडणाऱ्या कृतींचा इतका द्वेष कोणी का केला नाही; आणि आपणही त्या हसणाऱ्यांत होतो, हे तिने सांगितले. पूर्वी तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक असलेल्या नॅटली विन यांनी २०१६ पासून 'कॉन्ट्रापॉइंट्स' या नावाने पुरुषत्वाच्या आदर्शांवर दीर्घ चित्रनिबंध केले. २०१९ मधील त्यांचा निबंध तर सरळ पुरुषांवरच आहे, आणि तो पुरुषांची टवाळी न करता त्यांच्या एकाकीपणाची कारणे शोधतो.

या फेरतपासणीचा कळस ५ फेब्रुवारी २०२१ रोजी आलेल्या 'फ्रेमिंग ब्रिटनी स्पिअर्स' या न्यूयॉर्क टाइम्सच्या माहितीपटाने गाठला. त्याचे सामर्थ्य नव्या गौप्यस्फोटांत नव्हते. जुन्या मुलाखती, जुने विनोद, जुने प्रश्न पुन्हा दाखविले गेले, आणि तेच तुकडे पाहून ज्यांना एकेकाळी हसू आले होते त्यांना आता लाज वाटली. आठवडाभरातच टिंबरलेक याने स्पिअर्स आणि जॅक्सन या दोघींची जाहीर क्षमा मागितली. क्रॉकरचे म्हणणे खरे होते, असे हजारोंनी लिहिले. २३ जून २०२१ रोजी स्पिअर्स हिने न्यायालयात सांगितले, की तिच्याकडून इच्छेविरुद्ध काम करून घेतले गेले आणि आणखी अपत्य होऊ देण्याच्या निर्णयापासूनही तिला दूर ठेवले गेले. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी ते पालकत्व संपुष्टात आले. याचे श्रेय एकट्या चित्रभाष्याला देता येणार नाही; वकील, वार्ताहर आणि रस्त्यावर उतरलेले चाहते यांचा त्यात मोठा भाग होता. परंतु चाहत्यांची चळवळ इंटरनेटवरील भाष्यांतूनच वाढली, हे नाकारता येत नाही.

पुरुषाचा आदर्श

येथवर मुख्यतः स्त्रियांविषयी लिहिले. परंतु पॉप संगीतावरील वाद पुष्कळदा पुरुष कसा असावा याविषयीचे असतात. ६ जानेवारी १९५७ रोजी एल्व्हिस प्रेस्ली याला अमेरिकन दूरचित्रवाणीने फक्त कमरेच्या वर दाखविले. डिसेंबर २०२० मध्ये हॅरी स्टाइल्स हा इंग्रज गायक अमेरिकन 'व्होग'च्या मुखपृष्ठावर झग्यात दिसला आणि 'मर्दानी पुरुष' परत आणण्याची मागणी झाली. कोरियातील गायकवृंदांनी फुलासारख्या देखण्या, प्रसाधन केलेल्या तरुणाचा आदर्श जगभर नेला, त्यांतील बी.टी.एस. हा वृंद मे २०१८ मध्ये अमेरिकन संगीतसंग्रहांच्या यादीत अव्वल आला. सप्टेंबर २०२१ मध्ये चीनच्या प्रसारण नियंत्रकांनी तर पडद्यावरील 'बायकी' पुरुषांवर बंदीच घातली. एके ठिकाणी चित्रभाष्यकार हसतो, दुसऱ्या ठिकाणी शासन हुकूम काढते. दोहोंमागील भीती एकच दिसते.

मराठी वाचकास या भीतीचे थोडे नवल वाटावयास हवे. बालगंधर्व (१८८८-१९६७) यांनी १९०५ पासून कैक वर्षे मराठी रंगभूमीवर स्त्रीत्वाचा आदर्श उभा केला; त्यांचे नेसणे, त्यांचे अलंकार, त्यांची चाल यांचे अनुकरण घरंदाज स्त्रियांनी केले. ज्या समाजाने पुरुषाच्या देहातून प्रकटलेले स्त्रीरूप एवढ्या आनंदाने स्वीकारले, त्याच समाजात त्या काळी कुलीन स्त्रीने रंगमंचावर गाणे मात्र निंद्य समजले जाई. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिकांना ते आसन कमवावे लागले. म्हणजे स्त्री-पुरुषांचे आदर्श अनादि नाहीत. ते घडतात, बदलतात, आणि गाणे हे ते घडण्याचे एक मोठे ठिकाण आहे.

आपल्याकडील चित्रभाष्य

भारतात चित्रभाष्य 'रोस्ट' या नावाने अधिक लोकप्रिय झाले. २०१७ मध्ये 'ढिंच्याक पूजा' या नावाने गाणाऱ्या दिल्लीच्या तरुणीची गाणी गाजली ती त्यांच्या बेसूरपणामुळे. हे प्रकरण रेबेका ब्लॅकहून वेगळे आहे. ही गायिका सज्ञान होती आणि गाणी तिची स्वतःची होती, तेव्हा त्यांच्या सुरांवर बोलण्याचा अधिकार टीकाकारास पूर्ण होता. प्रश्न तिच्या सुरांवरून जीभ घसरून तिच्या रूपावर व वागण्यावर गेली की उद्भवतो. मे २०२० मध्ये 'कॅरीमिनाटी' या लोकप्रिय भाष्यकाराची, टिकटॉकवरील कलावंतांची खिल्ली उडविणारी चित्रफीत यूट्यूबने छळवणुकीच्या नियमाखाली काढून टाकली. तीत समलिंगी व्यक्तींचा अवमान करणारी भाषा असल्याचा आक्षेप होता. चित्रपटगीतांवर ओठ हलवून अभिनय करणारे टिकटॉकवरील पुष्कळ तरुण लहान गावांतील होते, आणि त्यांच्यावरील हशात स्त्री-पुरुष आदर्शांबरोबर वर्गाचा आदर्शही मिसळला होता. त्या वर्षी २९ जूनला टिकटॉकवरच भारतात बंदी आली आणि तो वाद अर्धवट राहिला.

उपसंहार

या इतिहासावरून आम्ही दोन निष्कर्ष काढतो. पहिला अध्यापकांसाठी. विद्यार्थी चित्रभाष्ये पाहतात याबद्दल खंत करण्यात अर्थ नाही. त्यांना टीका व टवाळी यांतील भेद ओळखावयास शिकविणे शक्य आहे, आणि त्यासाठी विलिस यांची कसोटी थोडी वळवून वापरता येते. भाष्यातील एखादे वाक्य घ्यावे आणि गाणारी स्त्री असल्यास तेथे पुरुष, कोवळा मुलगा असल्यास तेथे प्रौढ गृहस्थ कल्पून पाहावे. चालीविषयीचे, शब्दांविषयीचे, चित्रणाविषयीचे वाक्य बहुधा तसेच उभे राहील. जे वाक्य उभे राहणार नाही, ते गीताविषयी नव्हतेच. ही कसोटी आपल्या वृत्तपत्रांतील नाट्य-संगीत परीक्षणांना लावून पाहण्यासही हरकत नाही. तेथेही बरेच काही हाती लागेल.

दुसरा निष्कर्ष साहित्यसंस्थांसाठी. २०२१ ची फेरतपासणी शक्य झाली, कारण २००७ चे हसू जपलेले होते. पण ते जपण्याची जबाबदारी कोणी घेतलेली नव्हती. ते एका व्यापारी संस्थेच्या सोयीने राहिले, आणि तिच्याच सोयीने उद्या नाहीसे होईल. मराठीतही आता गाण्यांवर, लावणीवर, नाट्यपदांवर बोलणारी तरुण मंडळी कॅमेऱ्यासमोर बसू लागली आहेत. आपल्या ग्रंथालयांनी जुन्या मासिकांतील परीक्षणे जशी बांधून ठेवली, तशी या चित्रभाष्यांची सूची तरी ठेवावी, असे आम्ही सुचवितो. पन्नास वर्षांनी कोणी विचारील की या काळात मराठी माणूस कोणत्या गाण्याला हसला आणि कोणत्या गाणारीला; त्या प्रश्नाचे उत्तर देण्यास कागद पुरेसा पडणार नाही.